घर रात्री का तापलेले राहते? विदर्भातल्या उन्हाळ्यात हवा खेळती ठेवण्याची रीत

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास अंगणातल्या बाजेवर अंग टाकले तर जरा बरे वाटते. त्याच वेळी घरात पाऊल ठेवले की चेहऱ्यावर भट्टीची धग येते. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, मग ही धग येते कुठून?

ती येते छतातून. घरकुलाएवढे, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचे घर घ्या. त्यावर पाच इंची स्लॅब असेल तर त्या स्लॅबचे वजन साडेसात टनांच्या आसपास भरते. दिवसभराच्या उन्हाने तो १५ अंशांनी तापला, तर त्यात सुमारे २७ युनिट विजेएवढी उष्णता साठते. हजार वॅटची शेगडी २७ तास चालवावी, तेवढी! संध्याकाळी ही उष्णता बाहेर पडू लागते. काही वर आकाशाकडे जाते, बाकीची खाली, झोपलेल्या माणसांच्या अंगावर उतरते. शिवाय झोपलेला माणूस स्वतःही ७०-८० वॅट उष्णता टाकत असतो. एका खोलीत चार माणसे निजली तर तीनशे वॅटची आणखी एक शेगडी रात्रभर पेटलेली आहे असे समजा.

ही सगळी उष्णता घराबाहेर नेणारे स्वस्त वाहन एकच, ते म्हणजे हवा. पण हवा खेळती ठेवायची म्हणजे सगळ्या खिडक्या चोवीस तास सताड उघड्या टाकायच्या, असे नाही. खिडकी कधी उघडायची, कधी लावायची आणि गरम हवेला वरून वाट कुठे द्यायची, या तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. विदर्भात त्या जमल्या नाहीत तर फार सोसावे लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत ४५ अंशांचा दिवस ही मे महिन्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

रात्र थंड मिळाली नाही तर शरीरात काय होते

शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. कातडी साधारण ३५ अंशांवर असते. भोवतालची हवा याहून थंड असेल तर शरीर आपली उष्णता हवेला देते. हवा ३५ च्या वर गेली की उलटे होते, हवाच शरीराला तापवू लागते. मग घाम हा एकच उपाय उरतो. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. टपटप खाली पडलेला घाम काहीच नेत नाही, उलट शरीरातले पाणी आणि मीठ मात्र कमी करतो.

दिवसभर हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत असते, मूत्रपिंडे कमी पाण्यात काम भागवत असतात. त्यांना विसावा मिळतो तो रात्री. रात्रभर खोली ३५-३६ अंशांवर राहिली तर हा विसावा मिळत नाही आणि दुसऱ्या दिवसाचे ऊन कालच्या थकव्यावर चढते. म्हणून उन्हाच्या लाटेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे जास्त कोसळतात. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर बाया, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना धोका अधिक. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजारावरची काही औषधे घेणाऱ्यांनाही तो असतो. त्यांनी औषध मनाने बंद करू नये, उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारून घ्यावे. म्हाताऱ्यांना तहान उशिरा कळते आणि घामही कमी येतो. त्यांची बाज घरातल्या सर्वांत कोंदट कोपऱ्यात असते, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. ती सर्वांत आधी हलवा.

पंख्याबद्दलही एक गैरसमज आहे. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. हवा ३५ अंशांपर्यंत असेल तर वाऱ्याने दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंख्याचा वारा म्हणजे झळच. अशा वेळी पंख्याखाली बसायचे तर अंगावर ओला पंचा किंवा ओला दुपट्टा हवा आणि तो दर थोड्या वेळाने पुन्हा भिजवायला हवा.

झरोका वर का, आणि केवढा

गरम हवा हलकी होऊन वर चढते. दहा फूट उंच खोलीत खिडकीची वरची कड सात फुटांवर, म्हणजे लिंटेलला (खिडकीवरच्या आडव्या पट्टीला) संपते. त्यावरच्या तीन फुटांत सर्वांत तापलेली हवा कोंडून राहते. खिडक्या उघड्या असल्या तरी ती खाली उतरून बाहेर जाणार नाही. तिला जायला वाट वरच लागते. जुन्या मातीच्या घरांत छताला लागून हातभर झरोके असत, कवेलूंच्या फटींतूनही गरम हवा निघून जाई. सिमेंटच्या घरात कवेलू गेले आणि त्यांच्याबरोबर ही वाटही गेली. झरोका तेवढा नव्याने द्यायचा राहिला.

आता मापाकडे वळू, कारण खरी चूक मापात होते. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. खालची खिडकी आणि वरचा झरोका यांच्या मध्यबिंदूंत साडेसहा फुटांचे अंतर. आतली हवा बाहेरपेक्षा ५ अंशांनी गरम, वारा पूर्ण पडलेला. झरोका एक चौरस फूट आणि खालची मोकळी जागाही तेवढीच असेल, तर तासाला जेमतेम ११५ घनमीटर हवा बदलते आणि दोनशे वॅटहूनही कमी उष्णता बाहेर जाते. म्हणजे चार माणसांच्या अंगची उष्णताही निघत नाही, स्लॅबची तर दूरच. तेच दोन्ही ठिकाणी चार-चार चौरस फूट मोकळे ठेवले तर तासाला साडेचारशे घनमीटर हवा जाते, खोलीतली हवा तेरा वेळा बदलते आणि साडेसातशे वॅट बाहेर पडतात. वीज शून्य. म्हणून एका खोलीला २ फूट रुंद आणि १ फूट उंच असे दोन झरोके हे माप धरा.

इथे ‘मोकळी जागा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सिमेंटच्या तयार जाळीत निम्मी जागा सिमेंटनेच भरलेली असते. डासांची बारीक जाळी वारा बराच अडवते आणि तिच्यात धूळ, जळमटे बसली की आणखी. जाळी लावणार असाल तर झरोक्याचे माप दीडपट ते दुप्पट धरा, आणि जाळी काढून धुता येईल अशी चौकटीत बसवा. उंदीर आणि सापासाठी पाव इंची चौकोनी लोखंडी जाळी बाहेरून ठोका.

राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण प्रदेशासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान दहावा भाग सांगितले आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला १२ चौरस फूट, म्हणजे ३ बाय ४ ची एक खिडकी. पण ती एकच खिडकी असेल आणि समोर काहीच वाट नसेल तर वारा तिच्यापाशी येऊन थबकतो. एकाच भिंतीत दोन खिडक्या घेतल्यानेही फारसे साधत नाही. समोरासमोरच्या भिंतींत, ते जमत नसेल तर निदान लगतच्या दोन भिंतींत उघडी जागा हवी. आतले दारही याच वाटेत येते. रात्री मधले दार लावून घेतले तर पुढच्या खिडकीचा मागच्या झरोक्याशी संबंध तुटतो. त्या दाराच्या वर एक फुटाची जाळी ठेवली तर आडोसाही राहतो आणि हवाही.

आपल्या घरात हवा कशी फिरते ते पाहायला एक उदबत्ती पुरते. वारा पडलेल्या संध्याकाळी, पंखे बंद करून, पेटलेली उदबत्ती खिडकीच्या खालच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग स्टुलावर चढून झरोक्याशी धरा, तिथे तो बाहेर जायला हवा. खोलीच्या मध्यावर धूर सरळ वर जाऊन छताखाली थरासारखा लोंबकळत राहिला, तर वरची वाट कमी पडते आहे.

मातीच्या आणि टिनाच्या घराचे वेळापत्रक उलटे

हा या लेखातला सर्वांत कामाचा भाग आहे. गावात एकाच गल्लीत दोन्ही प्रकारची घरे असतात, पण सगळ्यांना सल्ला एकच मिळतो: दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या. तो निम्म्या घरांना चुकीचा आहे.

जाड मातीच्या भिंती, कवेलूखाली माळा, किंवा स्लॅबवर सावली केलेले विटांचे घर सावकाश तापते. बाहेर दुपारी ४४ अंश असताना आत ३५-३६ असू शकते. इथे दुपारी खिडकी उघडणे म्हणजे झळ आत घेणे. अशा घरात पहाटे सगळे उघडेच असू द्या आणि सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा आतल्या हवेइतकी तापली की, बंद करा. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या, बारदाना किंवा सज्जा द्या. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचले म्हणजे उष्णता घरात शिरलेलीच असते. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की पुन्हा सगळे उघडायचे आणि रात्रभर उघडेच ठेवायचे. मे महिन्यात ही वेळ बहुधा आठ-नऊच्या पुढे येते. भिंती आणि स्लॅब पहाटेपर्यंत जेवढे निवतील तेवढी दुसरी दुपार सोसवते.

टिनाचे घर उलट वागते. पत्रा पातळ, त्यात साठवण नाही. उन्हात तो हाताला चटका बसेल एवढा, ६० अंशांच्याही वर तापतो आणि त्याखालची हवा बाहेरच्या ४४ अंशांपेक्षाही गरम होते. हे घर दुपारी बंद केले तर आत माणूस शिजेल. इथे वरची वाट दिवसरात्र उघडी हवी आणि खाली सावलीच्या बाजूची, म्हणजे दुपारी पूर्वेची किंवा उत्तरेची, खिडकी उघडी हवी. उन्हाची बाजू झाका. टिनाच्या घराला रात्री फायदा मिळतो, पत्रा लवकर निवतो. पण दुपारी बारा ते पाच या वेळेत बाळ-बाळंतीण आणि म्हातारी माणसे टिनाखाली नकोतच. लिंबाची सावली, शेजारचे मातीचे घर, समाजमंदिर, जिथे सोय होईल तिथे त्यांना न्या.

अंदाज बांधण्यापेक्षा दोन साधे थर्मामीटर घ्या. एक आत, माणूस बसतो त्या उंचीवर. दुसरे बाहेर, उत्तरेच्या भिंतीवर सावलीत. बाहेरचा आकडा कमी असेल तर उघडा, जास्त असेल तर लावा. आठवडाभर पाहिले की आपल्या घराची वेळ पाठ होते.

उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो आणि दुपारचे ऊनही पश्चिमेचेच. म्हणून पश्चिमेची खिडकी दिवसा घट्ट बंद, बाहेरून सावली आणि रात्री उघडी. ती विटांनी कायमची बुजवून टाकू नका, रात्रीचा वारा त्याच बाजूने मिळण्याचा संभव जास्त.

छत

उष्णता आत आल्यावर बाहेर हाकलण्यापेक्षा तिला वरच अडवणे सोपे. स्लॅब असेल तर झाडून, धुऊन, एप्रिल लागायच्या आत पांढरा करा. भिजवून गाळलेला चुना, त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि चिकटपणासाठी फेविकॉल, असे दोन-तीन हात पुरतात. स्लॅब आधी ओला करून घ्या, कोरड्यावर चुना पापडासारखा सुटतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. यामुळे आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. जस्ताच्या पत्र्यावर मात्र चुना नको, तो टिकत नाही आणि ओल्या चुन्याने जस्तही खराब होते. पत्र्याला छतासाठीचा पांढरा रंगच घ्या.

टिनाच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा केला तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. पण पत्रा आणि तट्टा यांत सहा ते नऊ इंचांची पोकळी सोडा आणि तिची दोन्ही टोके उघडी ठेवा. टोके बुजवली तर तीच पोकळी तापून माळा धगधगू लागतो. पत्र्याच्या वर तुराट्या किंवा धानाचे तणस पसरणे हा जुना आणि गुणी उपाय आहे, मात्र चूल आतच असेल तर ठिणगीचा धोका मोठा. त्यापेक्षा फूटभर उंचीवर ताणलेली हिरवी जाळी बरी.

टिनाच्या घराला वरची वाट द्यायची तर आढ्यावरची टोपी तीन-चार इंच उचलून खाली लाकडी ठोकळे द्यायचे आणि पावसाची झड येऊ नये म्हणून टोपी दोन्ही बाजूंनी रुंद घ्यायची. हे काम करताना जे-हुक आणि वॉशर कसून लावा. मे-जूनचे वावधान उचललेल्या टोपीखाली शिरते आणि पत्रे उडवते. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नका, वादळात तेच खाली येतात.

कूलर: बाहेर जायला वाट नसेल तर तो घर भिजवतो

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे अतिशय शहाणे यंत्र आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर जो आकडा दिसतो, त्याच्या जवळपर्यंत कूलर हवा थंड करू शकतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला पारा २३ अंशांच्या आसपास राहतो आणि बऱ्या ताट्यांचा (पाण्याने भिजणाऱ्या गवती पडद्यांचा) कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मृग लागता-लागता, बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के झाली की ओला पारा २९ वर जातो. तोच कूलर तेव्हा ३१ अंशांची, पण ओथंबलेली हवा फेकतो. घाम सुकत नाही, अंग चिकचिकते. कूलर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. अशा दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

आता मुख्य चूक. चोरीच्या भीतीने किंवा खिडकी लहान म्हणून कूलर खोलीच्या आत ठेवतात आणि ‘गारवा जाऊ नये’ म्हणून दारे-खिडक्या लावतात. कूलर मग त्याच त्या ओल्या हवेला पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात खोली दमट होते, भिंतींना बुरशी धरते, दम्याच्या माणसाला धाप लागते. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली पाहिजे, म्हणून त्याचे ताट्यांचे अंग खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत असावे. आणि जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट हवी.

केवढी वाट? मोठा लोखंडी कूलर तासाला ३,६०० घनमीटर हवा फेकत असेल तर चार ते साडेचार चौरस फूट. म्हणजे समोरची ३ बाय ४ ची खिडकी तिसरा हिस्सा उघडी किंवा वरचे दोन झरोके पूर्ण मोकळे. झरोक्यातून काढली तर उत्तम, छताखालची तापलेली हवा आधी बाहेर जाते. ज्या खोलीत माणसे आहेत तिकडूनच हवा बाहेर पडेल अशी वाट उघडा, हवा तिकडूनच वाहत जाईल. माप बरोबर आहे का हे दार सांगते. कूलर चालू असताना दार आपोआप धाडकन लागत असेल किंवा फटींतून शिट्टी वाजत असेल तर वाट कमी आहे.

असा मोठा कूलर भर दुपारी तासाला १५-२० लिटर, कधी त्याहून जास्त पाणी पितो. टँकरच्या गावात हे परवडत नाही. मग दुपारी फक्त एकाच खोलीत, सगळे मिळून, आणि रात्री दहानंतर पंप बंद ठेवून बाहेरची निवलेली हवा आत ढकलायला पंखा, असा वापर करा. बोअरचे पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि हवा अडते. ताट्या दर उन्हाळ्याला नव्या घाला, टाकीतले पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून, टाकी घासून, एक दिवस कोरडी ठेवा. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, त्याला ती सवड देऊ नका.

आणि कळकळीने सांगायचे ते हे: लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो. पाणी भरताना, ताट्या भिजवताना प्लग काढलेला असलाच पाहिजे, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे बटण, बसवून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी कूलरला हात लावू नका आणि मुलांना तर लावूच देऊ नका.

कूलर घ्यायचा नसेल तर १२ इंची एक्झॉस्ट पंखाही रात्री मोठे काम करतो. तो तासाला हजार घनमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा ओढतो. तो वर बसवा आणि उघड्या खिडकीपासून लांबच्या भिंतीत बसवा. खिडकीच्या शेजारीच बसवला तर तो तीच बाहेरची हवा आखूड वाटेने परत बाहेर टाकतो, खोली तशीच राहते.

स्वयंपाकघर

गॅसची एक शेगडी जोरात चालली तर दोन हजार वॅटच्या आसपास उष्णता देते आणि एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ हवेत जाते. चुलीवर याखेरीज धूर, आणि धुरात वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड. उन्हाळ्यात झळ येते म्हणून दार लावून चुलीपुढे बसलेल्या बाईला डोके दुखणे, चक्कर, मळमळ होते आणि ती ‘उन्हाने झाले’ असे समजते. कधी ते धुराने झालेले असते. दोन्ही कारणांवर पहिला उपाय एकच, मोकळ्या हवेत येणे.

चुलीवर धुराडे असेल तर त्याचा नळ छताच्या वर दोन-तीन फूट गेला पाहिजे आणि काजळी दर महिन्याला काढली पाहिजे. जेवण सकाळी आठच्या आत उरकून घ्या, संध्याकाळची चूल परसातल्या मांडवाखाली मांडा. गॅस असेल तर स्वयंपाकघराला झरोका वर हवाच, पण जमिनीलगतही एक जाळी हवी. गळणारा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो आणि वरच्या झरोक्यातून जात नाही.

खिडकीपुढची गंजी

भाव चढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस मे महिन्यापर्यंत पडून राहतो आणि बहुतेक घरांत तो नेमका मागच्या खोलीत, खिडकी झाकून असतो. हवेची वाट बंद होते, धूळ आणि तंतू श्वासात जातात, अंगाला खाज सुटते. कापूस ठेवणे भाग असेल तर निदान खिडकीपुढे दोन फूट आणि छताखाली तीन फूट मोकळे सोडा, आणि त्या खोलीत लेकरांना निजवू नका. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या तर निजण्याच्या खोलीत कधीच नकोत. तापलेल्या बंद खोलीत त्यांची वाफ जास्त सुटते.

अंगणात किंवा गच्चीवर निजणे हे आजही उत्तम. पण जमिनीवर नको, बाजेवर निजा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्यांना चावते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून ती अधिक घातक.

ऊन लागले तर

बोलण्यात विसंगती, गोंधळ, झटके, शुद्ध हरपणे आणि अंग तापलेले, ही उष्माघाताची खूण. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजू नका, घाम असतानाही तो होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. सावलीत, हवेशीर जागी आणा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली थंड फडकी ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी या तापावर चालत नाही. कांदा चोळण्यात पहिली पंधरा मिनिटे घालवू नका, तीच मोलाची असतात.

बांधकामाआधी

जुन्या विटांच्या भिंतीत झरोका पाडायचा तर कॉलम, बीम आणि लिंटेल यांना हात लावू नका. कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडा, एक मोठे भगदाड पाडण्यापेक्षा दोन लहान पाडा आणि वर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकेल अशी आरसीसीची पट्टी द्या. मातीच्या भिंतीला असे भोक पाडणे जोखमीचे. तिथे आढ्याजवळचे कवेलूच उचलून हवेची वाट करणे बरे.

नवीन घरकुल होत असेल तर ही सगळी कामे जवळजवळ फुकटात होतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटर ठरलेले आहेत. एवढ्याशा घरात खिडकी चार फूट इकडे की तिकडे, यावर सगळा उन्हाळा अवलंबून असतो. मिस्त्री सवयीने दार आणि खिडकी दोन्ही रस्त्याकडच्या भिंतीत घेतो आणि मागची भिंत कोरी सोडतो. भिंत लिंटेलपर्यंत चढली की काम थांबवून बघा: समोरासमोर खिडकी आहे का, पश्चिमेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा सज्जा धरला आहे का, प्रत्येक खोलीत छताखाली दोन झरोक्यांची जागा आहे का. नसेल तर स्लॅबचे सेंट्रिंग लागण्याआधी, स्लॅबच्या तळापासून विटांचा एक थर सोडून, दोन फूट बाय एक फुटाची चौकट खडूने आखून मिस्त्रीच्या हाती माप द्या.